भात सोडला, रोज चालते, तरी काटा का हलत नाही?

ताई, तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडते, म्हणजे आपण दोघी एकाच गोष्टीबद्दल बोलतोय हे कळेल. तुमचं वय 43, उंची पाच फूट दोन इंच, वजन 74 किलो. बँकेत बसून काम. चार महिने रोज सकाळी 40 मिनिटं चालताय, रात्रीचा भात बंद केलाय, साखर कमी केलीय. पहिल्या महिन्यात दोन किलो उतरलं आणि मग काटा जो थांबला तो थांबलाच. घरात नवरा, दोन मुलं आणि सासूबाई आहेत, त्यामुळे तुमच्यापुरता वेगळा स्वयंपाक होणार नाही. जिम आणि पावडरी नकोत. आणखी काय करू, आणि भात खाऊ की नको, असं तुम्ही विचारलंय.

मी ठाण्यात आहारतज्ज्ञ म्हणून काम करते, 22 वर्षं झाली. या अनुभवावर सांगते की ‘आणखी काय करू’ हा प्रश्न थोडा बाजूला ठेवा. तुम्ही आधीच पुष्कळ करताय. अडलंय ते वेगळ्या ठिकाणी. जे खाल्लं जातं त्यातलं बरंचसं आपल्या हिशेबात खाणं म्हणून धरलंच जात नाही.

माझ्याकडे येणाऱ्या बायकांपैकी निम्म्या तरी पहिल्या पाच मिनिटांत म्हणतात, “मी काही खातच नाही हो.” खोटं कोणी बोलत नाही. आपल्याकडे जेवण म्हणजे पान वाढून, बसून खाल्लेलं. ओट्याशी उभं राहून तोंडात गेलेलं जेवण नसतं, ती ‘चव बघितलेली’ असते, ‘संपवलेलं’ असतं, ‘वाया जाऊ नये म्हणून’ असतं. पुरुषांचं वेगळं असतं. त्यांच्या हिशेबातून टपरीवरचा चहा, क्रीमरोल आणि मीटिंगमधला समोसा गळतो.

घरी शिकवण्या घेणाऱ्या एक बाई होत्या, असंच वजन अडलेलं. त्यांना म्हटलं, उद्या सकाळी ओट्यावर एक रिकामा स्टीलचा डबा ठेवा. जेवणाखेरीज जे जे तोंडात टाकाल, तेवढंच डब्यातही टाका. दुसऱ्या संध्याकाळी त्या डबा घेऊन आल्या. मी तो ताटलीत पालथा केला. मुलाच्या डब्यातून परत आलेली अर्धी पोळी, चार ग्लुकोज बिस्किटं, एक मूठ शेंगदाणे (कुटासाठी भाजले होते, सालं पाखडता पाखडता गेले), एक मूठ चिवडा आणि कुकरच्या तळाचा चार घास भात. मी एकेक वस्तू स्वयंपाकघरातल्या छोट्या काट्यावर ठेवत गेले. बेरीज पाचशे कॅलरींच्या घरात गेली. बाईंना सर्वांत जास्त खटकली ती बिस्किटं. म्हणाल्या, “यातली दोन मी चहात बुडवून खाल्लीत, ती पण धरायची?”

आता तुमच्या चालण्याचा हिशेब याच्या शेजारी ठेवा. 74 किलोच्या माणसाने साध्या चालीने 40 मिनिटांत तीन किलोमीटर कापले, तर नुसतं बसून राहण्यापेक्षा शंभर-सव्वाशे कॅलरी जास्त जळतात. एक किलो चरबी म्हणजे साधारण 7700 कॅलरी. म्हणजे जेवणात काडीचाही फरक न करता फक्त या चालण्यावर एक किलो उतरवायला दोन महिने लागतील, आणि तेही चालून आल्यावर हक्काने एक मूठ चिवडा तोंडात टाकला नाही तर. तलावपाळीला सकाळी फेऱ्या मारणारे आणि मग थेट मिसळीच्या रांगेत उभे राहणारे आमच्या ठाण्यात पायलीला पन्नास मिळतील. मिसळीला माझी हरकत नाही. फक्त ती फेऱ्यांच्या खात्यावर मांडू नये.

पहिल्या महिन्यातले तुमचे दोन किलो खरे होते, पण सगळी चरबी नव्हती. भात-साखर कमी केली की स्नायूंत आणि यकृतात साठवलेला ग्लायकोजेन, म्हणजे साखरेचा साठा, उतरतो आणि त्याच्यासोबत धरून ठेवलेलं पाणीही जातं. ते एकदाच जातं. म्हणून सुरुवातीला काटा पळतो आणि नंतर रुसल्यासारखा वाटतो.

पुढे जाण्याआधी, जे तुमच्या परिस्थितीवर अवलंबून आहे आणि मला इथून दिसत नाही, ते सांगून टाकते. थायरॉइडची टीएसएच तपासणी वर्षभरात झाली नसेल तर करून घ्या, सोबत एचबीए1सी (गेल्या तीन महिन्यांची सरासरी साखर) आणि हिमोग्लोबिन. स्टेरॉइड किंवा काही मानसिक आजारांची औषधं चालू असतील तर वजन हट्टी होतं, पण ती स्वतःहून बंद करायची नाहीत. इन्सुलिन किंवा मधुमेहाची ग्लिमेपिराइडसारखी गोळी चालू असेल तर खाणं कमी करण्याआधी डॉक्टरांना सांगितलंच पाहिजे, कारण डोस तोच राहिला आणि पोळी कमी झाली तर साखर एकदम खाली जाते, घाम फुटून चक्कर येते. चालताना छातीत दडपण आलं, तर वजनाचा विचार नंतर, आधी हृदयाची तपासणी. चाळिशीनंतर पाळी पुढे-मागे होऊ लागते, चरबी पोटाकडे सरकते, झोप तुटते. छातीतलं दडपण सोडून यातलं काही असलं तरी पुढचं सगळं लागू पडतं, फक्त वेग कमी मिळतो.

आता खाणं. पहिले दहा दिवस काहीही कमी करू नका. तो डबा ठेवा. बँकेत डबा नेता येणार नाही, तिथे फोनमध्ये लिहा. वाढदिवसाचा केक, कस्टमरने आणलेले पेढे, सगळं. बहुतेकींचं यातच अर्धं काम होतं, कारण डब्यात टाकायचा कंटाळा येतो म्हणून तोंडात टाकणंही थांबतं.

त्यानंतर एकच नियम. जे खाल ते बशीत किंवा ताटलीत घेऊन, बसून. शेंगदाणे खायचेत? खा, वाटीत घ्या, खुर्चीवर बसा. मुलांच्या ताटात उरलेलं संपवायची सवय मोडत नसेल तर मुलांना मुळात अर्धंच वाढा, ती मागतील. अन्न टाकवत नाही हे मला समजतं, मीही त्याच घरात वाढले. पण पोट भरलेलं असताना पोटात टाकलेली पोळी वाचली असं म्हणता येत नाही.

तुमचा खरा धोक्याचा वेळ मला संध्याकाळचा वाटतो. दुपारी एकला डबा, साडेसहाला बँकेतून निघणं, घरी पोचायला पावणेआठ. सात तासांची भूक घेऊन तुम्ही थेट स्वयंपाकघरात शिरता. त्या अवस्थेत कुणाचाही हात चिवड्याच्या डब्यात जाणार, तुमचा जातो यात दोष काही नाही. उपाय मनोनिग्रहाचा नाही, साडेपाचला खाण्याचा आहे. बँकेच्या ड्रॉवरमध्ये फुटाणे ठेवा. एक मूठ फुटाणे आणि एखादा पेरू किंवा सफरचंद, नाहीतर ताक. अंडं चालत असेल तर सकाळीच उकडून न्या. वजन कमी करायचंय आणि ही आणखी खायला सांगते, असं वाटेल. पण ते दीडशे-दोनशे कॅलरींचं खाणं घरी आल्यावरच्या चारशे वाचवतं. मी ज्यांना ज्यांना ‘अधेमधे काही खाऊ नका’ असं सरसकट सांगितलं, त्यातल्या बऱ्याच जणी रात्री नऊला दुप्पट जेवल्या.

ही माझीच जुनी चूक. नोकरीच्या पहिल्या वर्षांत मी छापील तक्ता द्यायचे, 1200 कॅलरींचा. सकाळी ओट्स, दुपारी सूप, मध्ये ग्रीन टी. भाजी विकायला बसणाऱ्या एका मावशींना तोच दिला. महिन्याने त्या आल्या, वजन एक किलोने वाढलेलं. म्हणाल्या, “ते तुमचं सकाळचं खाल्लं, मग आमचं जेवले.” तो तक्ता मी नंतर कुणाला दिला नाही.

जेवणाच्या ताटाबद्दल. वेगळा स्वयंपाक नको, तेच अन्न वेगळ्या प्रमाणात घ्या. आपल्या पारंपरिक पानाची डावी बाजू आणि उजवी बाजू असते ना, त्यातली डावी वाढवा. कोशिंबीर चमचाभर असते, ती वाटीभर करा. (पापड-कुरडईही डावीकडेच असतात हे मला माहीत आहे, तो वकिली युक्तिवाद करू नका.) उसळ किंवा वरण दोन वाट्या, आणि वरण जरा दाट. पाण्यासारख्या वरणात डाळ किती असते ते कुकरमध्ये डाळ मोजून टाकाल तेव्हा दिसेल. प्रथिनं कमी पडली तर वजनाबरोबर स्नायूही उतरतात, गुडघे दुखतात, केस गळतात आणि तासाभरात पुन्हा भूक लागते. मासे, अंडी खात असाल तर काम सोपं. नसाल तर मूग, मटकी, हरभरा, दही.

खाण्याचा क्रमही लावा, कोशिंबीर आणि उसळ आधी, पोळी-भाजी मग, भात शेवटी. पोटात आधी काय गेलं यावर शेवटी किती मागावंसं वाटतं ते ठरतं.

सासूबाईंचं आणि वाढण्याचं. तुम्ही दोन पोळ्यांवर थांबायचं ठरवलंत आणि दोन घेऊन बसलात, की त्या म्हणणार, “अगं, एवढंच? अर्धी तरी घे.” हे घरोघरी आहे, आणि त्यामागे माया असते. म्हणून दीड घेऊन बसा. त्यांनी अर्धी वाढली की “बरं, तुमच्या हातची म्हणून” म्हणत घ्या. दोनच झाल्या आणि कोणी दुखावलंही नाही. ही युक्ती मला एका पेशंटनेच शिकवली. भांडी टेबलावर मांडू नका, ओट्यावरच राहू द्या. उठून जावं लागलं की दुसरा डाव आपोआप टळतो.

तेलाचं मात्र जरा बारकाईने बघा, कारण ते ताटात दिसत नाही. पाच लिटरचा नवा डबा उघडाल त्या दिवशी त्यावर मार्करने तारीख लिहा. तुमच्या पाच जणांच्या घरात तो महिन्यात संपत असेल, तर माणशी रोजचं तेल 30 ग्रॅमच्या आसपास, म्हणजे 270 कॅलरी, त्याही फक्त तेलाच्या. तूप, शेंगदाण्याचं कूट आणि ओलं खोबरं वेगळं. माणशी महिन्याला अर्धा किलो ते सहाशे ग्रॅमवर आणायचं ध्येय ठेवा. तोच डबा दीड महिना पुरला की समजा जमलं. त्यात रोजच्या शंभर कॅलरी गेल्या, म्हणजे तुमच्या सकाळच्या अख्ख्या चालण्याइतक्या, आणि त्या घरातल्या सगळ्यांच्याच गेल्या. किटलीतून धार सोडायची नाही, फोडणीला चहाच्या चमच्याने मोजून घालायचं. पहिले आठ दिवस भाजी कोरडी वाटते, मग वाटत नाही.

चहा दिवसाचे चार आणि प्रत्येकात दोन चमचे साखर असेल तर 40 ग्रॅम साखर, 160 कॅलरी. तुम्ही आधीच कमी केलीय म्हणता, तर कप मोजा.

उपवास करत असाल तर एवढंच सांगते, ‘एकादशी अन् दुप्पट खाशी’ ही म्हण कोणा आहारतज्ज्ञाने केलेली नाही. साबुदाणा म्हणजे जवळपास निव्वळ स्टार्च, वर कूट, वर तूप, वर तळलेला बटाटा. वरीचे तांदूळ, दही, राजगिरा, फळं यांवर उपवास करा, नाहीतर सरळ जेवा.

मग चालणं कशाला, असं आता विचाराल. चालायचंच. उतरलेलं वजन खाली टिकवण्यात चालण्याचा वाटा मोठा आहे, आणि साखर, रक्तदाब, झोप, मन, या सगळ्यांवर त्याचा जो परिणाम होतो तो काटा दाखवत नाही. जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना आठवड्याला 150 ते 300 मिनिटं मध्यम वेगाची हालचाल सांगते. तुमची 280 होतात, म्हणजे मिनिटांची तक्रार नाही. वेग बघा. मध्यम वेग म्हणजे बोलता येतं पण गाणं म्हणता येत नाही, मिनिटाला साधारण शंभर पावलं. मैत्रिणीबरोबर सासर-माहेरच्या गप्पा निवांत होत असतील तर तो फेरफटका आहे. फेरफटका वाईट नाही, पण मधली 20 मिनिटं तरी गप्पा तुटतील अशी चाला.

दुसरं, उरलेल्या दिवसाचं काय? सकाळी 40 मिनिटं चालून पुढचे नऊ तास काउंटरमागे बसून काढले, तर दिवसाची गोळाबेरीज बैठीच राहते. आपल्याकडे शतपावली होती, तिला आपण म्हाताऱ्यांची म्हणून निकालात काढलं. शंभर पावलं मिनिटभरात होतात, म्हणून दहा-पंधरा मिनिटं करा. जेवणानंतर पाय हलले की स्नायू रक्तातली साखर ओढून घेतात आणि जेवणानंतरचा साखरेचा चढ कमी होतो. बँकेत जेवणाच्या सुट्टीत दहा मिनिटं, रात्री जेवल्यावर मुलांपैकी एकाला घेऊन पंधरा मिनिटं. रात्रीच्या फेरीचा आणखी एक फायदा म्हणजे त्या वेळात तुम्ही स्वयंपाकघरात नसता.

दहा हजार पावलांच्या मागे लागू नका. तो आकडा कुठल्या वैद्यकीय प्रयोगातून जन्माला आलेला नाही. 1964 च्या टोकियो ऑलिम्पिकनंतर, 1965 मध्ये जपानमध्ये एक पावलं मोजायचं यंत्र विकायला आलं, त्याचं नाव ‘मानपो-केई’, म्हणजेच ‘दहा हजार पावलं मोजणारं’. नाव लक्षात राहण्याजोगं होतं, तो आकडा जगभर चिकटला. तुमची सध्याची रोजची सरासरी फोनमध्ये बघा आणि तीत दीड-दोन हजारांची भर घाला. ती महिनाभर टिकली की पुढचं बघू.

पावसाळ्यात चालणं तुटतं आणि गणपतीनंतरही परत सुरू होत नाही, हे मी दरवर्षी बघते. इमारतीचं पार्किंग, घरातला पॅसेज, स्टेशनचा प्लॅटफॉर्म, काहीही चालतं. गुडघे कुरकुरत असतील तर चढ आणि जिने तूर्त टाळा, सपाट चाला, चपलेवर नाही, बुटावर. आणि खुर्चीवरून हात न टेकता दहा वेळा उठा-बसा, दिवसातून दोनदा. नुसत्या चालण्याने मांड्यांना जी ताकद मिळत नाही ती यातून मिळते.

‘दीक्षित की दिवेकर’ हे तुम्ही विचारलं नाहीत, पण कोणीतरी विचारेलच. डॉ. जगन्नाथ दीक्षित दिवसातून दोनदा, 55 मिनिटांच्या आत जेवा म्हणतात आणि सोबत 45 मिनिटांत साडेचार किलोमीटर चालायला सांगतात. ऋजुता दिवेकर घरचं, आपल्या भागातलं अन्न ठरावीक अंतराने थोडं थोडं खा म्हणतात. माझ्याकडे दोन्ही पद्धतींनी उतरलेले लोक आहेत आणि दोन्ही सोडून परत चढलेलेही. दोन्हींत खाण्याला वेळ ठरलेली आहे, येताजाता तोंड चालवायला जागा नाही, आणि माझ्या मते काम तिथेच होतं. तुम्हाला आठच्या आधी जेवता येत नाही, दुपारचा डबा एकला ठरलेला आहे, घरी पाच जणांचं बघायचंय. त्यात जे पाच वर्षं निभेल ते घ्या.

काट्याबद्दल. आठवड्यातून एकदा, ठरलेल्या वारी, सकाळी संडासला जाऊन आल्यावर, चहाच्या आधी. पाळीच्या आधी किलो-दीड किलो पाणी चढतं, त्या आठवड्याचा आकडा सोडून द्या. लग्नात जेवून आल्यावरच्या सकाळी काट्यावर उभं राहणं म्हणजे मिठाचं वजन करणं. सोबत पोटाचा घेर टेपने मोजा. आपल्याकडे बायकांसाठी 80 सेंटिमीटर आणि पुरुषांसाठी 90 ही धोक्याची रेष धरतात. टेप नसली तर परकराची नाडी आहेच, जुनी गाठ कुठे बसते त्यावर पेनने खूण करा.

अपेक्षा किती ठेवायची? तुमचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, साधारण 30 येतो, भारतीयांसाठी 25 च्या पुढे स्थूलता धरतात. हे ऐकून एकदम 55 किलोचं स्वप्न बघू नका. 74 वरून 70 च्या आसपास आलात तरी वजनाचे पाच टक्के गेले, आणि साखर-रक्तदाबाच्या रिपोर्टमध्ये फरक तिथूनच दिसायला लागतो. आठवड्याला पाव ते अर्धा किलो हा वेग चांगला. याहून जोरात उतरवायला गेलात तर स्नायू जातात, पित्ताशयात खडे होण्याची शक्यता वाढते आणि घरातल्यांवर चिडचिड होते ती वेगळीच. आणि 70 ला पोचल्यावर काटा पुन्हा अडेल. तेव्हा घाबरू नका. लहान झालेल्या शरीराला अन्न कमी लागतं, म्हणून आजचं ‘कमी’ तेव्हा ‘पुरेसं’ होतं. तिथे दोन-तीन महिने नुसतं टिकून राहिलात तरी मी ते यश धरते.

सगळं एकदम सुरू करू नका. या महिन्यात डबा, साडेपाचचं खाणं आणि रात्रीची पंधरा मिनिटं, एवढंच. तेलाच्या डब्यावर तारीख आजच टाका, ते मोजमाप आपोआप होत राहील. क्रम आणि प्रमाण पुढच्या महिन्यात.

राहिला भात. खा. तुमचं वजन भाताने अडवलेलं नाही, आणि चार महिने तो सोडून तुम्ही रात्री तिसरी पोळी घेत असाल अशी मला दाट शंका आहे. शिजलेला भात वाटीभर, दोनशे कॅलरींच्या आतबाहेर. घडीची, तेल लावलेली, वर तूप सोडलेली पोळी दीडशेच्या पुढे जाते. लहानपणी आई वाटीने मूद पाडायची तशी पाडा, एक मूद, त्यावर दाट वरण आणि लिंबू, तूप चहाचा अर्धा चमचा. त्या दिवशी पोळी एकच.